दावणीला तगतील तितक्याच गाई : स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावच्या सामाईक कुरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

टोर्बेल हे स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील वालिस कँटनमधले (कँटन म्हणजे तिथले घटकराज्य) एक छोटे शेतकरी गाव आहे. विस्पा नदी दक्षिणेकडून येऊन विस्प या गावाजवळ रोन नदीला मिळते. तिच्या दरीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, टोर्बेल वसलेले आहे. लोक जर्मनची एक जुनी बोली बोलतात आणि धर्माने कॅथलिक आहेत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७० च्या सुमारास इथे अभ्यास केला, तेव्हा गावची वस्ती सहाशेच्या घरात होती.

एवढ्याशा गावाबद्दल आपल्याला इतके नेमके ठाऊक आहे, कारण गावाने आपले कागद सांभाळले. जमिनीचे व्यवहार, हक्क आणि नियम यांचे इथले लेखी दस्तऐवज १२२४ पासूनचे आहेत. नेटिंग यांनी ते आणि चर्चमधल्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या बारकाईने वाचून गावाची कित्येक पिढ्यांची हकीकत जुळवली. पुढे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनाचा सिद्धांत मांडताना हेच गाव एक प्रमुख उदाहरण म्हणून घेतले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाल्यावर टोर्बेलचे नाव जगभरच्या अभ्यासक्रमांत पोहोचले. या लेखात गावाच्या सगळ्या इतिहासाऐवजी एकच प्रश्न घेतला आहे : उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणावर कोणी किती गाई पाठवायच्या, हे गावाने कसे ठरवले, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली.

प्रश्न समजण्यासाठी आधी जमीन डोळ्यांसमोर यायला हवी. टोर्बेलची जमीन शिडीसारखी उभी आहे. दरीच्या तळाशी उबदार हवेत द्राक्षमळे, त्याच्या वर राय (गव्हासारखे एक धान्य) याची शेते, भाजीचे वाफे आणि फळझाडे, मग गाव आणि त्याच्या आजूबाजूला गवताची शेते, त्यावर सूचिपर्णी जंगल, आणि जंगलाच्या वर, दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून उंचावर, उन्हाळी कुरण. या कुरणाला तिथे ‘आल्प’ म्हणतात. चहूबाजूंनी उंच डोंगर असल्याने ढग आपले पाणी बाहेरच सांडतात, आणि विस्पची दरी देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक होऊन बसली आहे. त्यामुळे हिमवितळीचे पाणी कड्यांच्या अंगाने खोदलेल्या पाटांतून मैलोगणती वळवून आणावे लागते, आणि ते पाळीपाळीने शेतांना सोडावे लागते. पाटाचे पाणी नसेल, तर गवताची कापणी नाही.

मालकीची मांडणी याच शिडीला धरून होती. शेते, गवताची राने, वाफे, द्राक्षमळे आणि घरे खाजगी होती, आणि तीही अगदी काटेकोरपणे. वारसाहक्कात मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा मिळे. त्यामुळे एका लाकडी घराचा एक मजला एका भावाचा तर दुसरा दुसऱ्याचा, एका गवतघरात चौघांचे हिस्से, असे सर्रास असे. सामाईक होते ते पाच प्रकारचे : आल्प, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा. मराठी वाचकाला इथे गायरान आठवेल, पण फरक मोठा आहे. गायरान म्हटले की सरकारी नोंदीत असलेली, गावालगतची मोकळी जमीन समोर येते. आल्प मात्र गावाने स्वतःचे नियम करून राखलेले, हक्कदारांची यादी ठरलेले, गावाच्या जगण्याचा अर्धा भार उचलणारे कुरण होते.

वर्षाचे चक्र असे चाले. हिवाळ्यात सहा-सात महिने गाई गोठ्यात. गोठेही एका जागी नसत. गवताची राने डोंगरभर विखुरलेली, म्हणून प्रत्येक रानाजवळ एक छोटे गवतघर आणि त्याखाली गोठा. बर्फातून गवत पाठीवर वाहून गावात आणण्यापेक्षा माणूस गाईंनाच एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेई : इथली गंजी संपली की पुढच्या गंजीकडे. रोज पहाटे आणि संध्याकाळी कोणीतरी बर्फ तुडवत त्या गोठ्यापर्यंत जाई, दूध काढी आणि ते पाठीवर घेऊन परत येई. यात एक शहाणपण होते. जिथले गवत गाईने खाल्ले, तिथेच तिचे शेण पडे, आणि वसंतात ते तिथल्याच रानात पसरता येई. वसंतात आणखी एक काम असे. उतारावरच्या शेतांची माती वर्षभरात खाली घसरलेली असे, ती टोपल्यांतून पुन्हा वरच्या बांधाला नेऊन टाकावी लागे. जूनमध्ये गाई आल्पवर चढत, आणि खाली माणसे विळ्या-कोयत्यांनी गवत कापून पुढच्या हिवाळ्याची सोय करत. सप्टेंबरात गाई खाली येत, आणि वर बनलेले चीज घराघरांत वाटले जाई.

अडचण

या चक्रातला नाजूक सांधा जून ते सप्टेंबर हा होता. गाई हिवाळ्यात गोठ्यात असताना मालकाचे स्वतःचे गवत खात, आणि वर गेल्या की सगळ्यांचे. एखाद्याने वर एक गाय जास्त पाठवली, तर तिचे दूध पूर्णपणे त्याचे, पण तिने खाल्लेल्या गवताची तूट सगळ्यांत वाटली जाणार. सामाईक कुरण याच कारणाने अखेर उजाड होते, असा युक्तिवाद अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केला आणि तो फार गाजला. टोर्बेलच्या लोकांना हा हिशोब त्याच्या साडेचारशे वर्षे आधी कळलेला होता.

उंचीवरच्या कुरणाचे नुकसान लवकर भरून येत नाही. गवत वाढायचा काळ जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा. तीव्र उतारावर खुरांनी हिरवळ एकदा फाटली की पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी त्याच चिरेतून माती घेऊन जाते. शिवाय आल्पवरचे गवत ऑगस्टमध्येच संपले, तर गाई लवकर खाली येणार, आणि जे गवत हिवाळ्यासाठी राखायचे ते शरदातच खाऊन टाकणार. म्हणजे वरच्या कुरणावरची एक जास्तीची गाय सहा महिन्यांनी खाली, भलत्याच माणसाच्या गोठ्यात, उपासमार आणू शकत होती. म्हणून हा प्रश्न शिस्तीच्या आग्रहापुरता नव्हता, तो फेब्रुवारीत दावणीला उभ्या असलेल्या गाईच्या पोटाचा होता.

लोक नेमके काय करत होते, याचा अंदाज मनाईच्या शब्दांवरून बांधता येतो, कारण जे कोणी करत नाही त्याला लेखी मनाई करण्याची गरज सहसा पडत नाही. जुन्या नियमांतून दोन धोके स्पष्ट दिसतात. पहिला, बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घ्यायची किंवा वहिवाटायची, आणि त्या जमिनीच्या जोरावर आल्प, पडीक रान आणि जंगलतोड यांवर हक्क सांगायचा. दुसरा, गावातल्याच माणसाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त गुरे वर घालायची. वसंतात बाहेरून गाय आणायची, उन्हाळाभर सामाईक गवतावर पोसायची आणि बर्फ पडण्याआधी विकून टाकायची, ही यातली सर्वांत सोपी वाट.

समोर असलेले पर्याय

गावाच्या सभेत नेमकी काय चर्चा झाली, त्याचा वृत्तांत समोर ठेवून हे प्रकरण लिहिलेले नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या निरनिराळ्या गावांनी याच प्रश्नाला जी उत्तरे दिली, ती पाहिली की टोर्बेलसमोर कोणत्या वाटा खुल्या होत्या हे समजते.

पहिली वाट म्हणजे आल्प वाटून घ्यायचे. खाली इतकी काटेकोर खाजगी मालकी चालवणाऱ्या गावाला हे सहज जमले असते, आणि तरीही त्यांनी ते केले नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. नेटिंग यांनी याचे उत्तर जमिनीच्या स्वभावात शोधले. एका गुंठ्यातून मिळणारे उत्पन्न थोडे, दरवर्षी नेमके कुठे गवत येईल याचा भरवसा नाही, पाणी आणि खत घालून उत्पन्न फारसे वाढत नाही, आणि गाई पोसायला मोठा सलग टापू लागतो : अशी जमीन सामाईक ठेवणेच शहाणपणाचे. या वर्षी बर्फ पूर्वेच्या अंगाला आधी वितळते, पुढच्या वर्षी पश्चिमेच्या. ज्याची पट्टी उशिरा उघडी पडली, त्याच्या गाईंनी जूनमध्ये काय खायचे? शिवाय प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर गुराखी ठेवायचा, कुंपण घालायचे आणि चीजसाठी वेगळी कढई चढवायची, तर उन्हाळ्यात खाली गवत कापायला माणसेच उरणार नाहीत. सगळ्यांच्या गाई मिळून चारल्या तर मोजके गुराखी आणि चीज करणारे पुरतात, बाकीचे घर शेतात राबू शकते.

दुसरी वाट, प्रत्येक घराला सारखी संख्या. काही मोजक्या गावांत असे नियम आहेत. ऐकायला हे सर्वांत न्यायाचे वाटते. पण ज्या घराकडे एकाच गाईपुरते गवत आहे, त्याला चार गाईंचा हक्क देऊन काय उपयोग? तो हक्क शेजाऱ्याला भाड्याने देणार, किंवा बाहेरून गाई आणून तो वापरणार.

तिसऱ्या प्रकारात हक्क खाजगी जमिनीच्या क्षेत्राला, तिच्या किमतीला किंवा तिच्यातून निघणाऱ्या गवताला जोडला जातो, आणि चौथ्यात आल्पचे हिस्से पाडून ते समभागांसारखे धरले जातात. हे दोन्ही प्रकार स्वित्झर्लंडमध्ये प्रत्यक्षात आहेत. समभागांची अडचण अशी की ते विकता येऊ लागले की हळूहळू गावाबाहेर जातात.

पाचवी वाट टोर्बेलने आणि इतरही अनेक गावांनी घेतली. ज्याच्या दावणीला हिवाळ्यात जितक्या गाई तगतात, तितक्याच त्याने उन्हाळ्यात वर पाठवायच्या.

काय ठरले

निर्णय एका दिवसात झाला नाही. तो ज्या क्रमाने झाला, तो क्रमच मला महत्त्वाचा वाटतो. १ फेब्रुवारी १४८३ रोजी टोर्बेलच्या रहिवाशांनी एका करारावर सह्या केल्या, आणि आल्प, जंगल व पडीक जमीन यांच्या वापराला शिस्त लावण्यासाठी रीतसर मंडळ स्थापन केले. या कराराने पहिल्यांदा दार बंद केले. बाहेरच्याने गावात जमीन घेतली, तरी तेवढ्याने त्याला आल्पवर चराईचा किंवा जंगलात तोडीचा कोणताही हक्क मिळणार नव्हता. नव्या माणसाला गावकीत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जमीन आणि पाणी यांचे हक्क असलेल्या जुन्या रहिवाशांनी स्वतःकडे ठेवला. त्यानंतर १५०७ च्या कागदपत्रांत सामाईक जमिनीच्या हद्दी नोंदलेल्या दिसतात. आणि १५१७ सालचा नियम सांगतो की कोणाही गावकऱ्याने हिवाळ्यात पोसू शकेल त्यापेक्षा जास्त गाई आल्पवर पाठवू नयेत.

आधी माणसे कोणती ते ठरले, मग जमीन कोणती, आणि शेवटी संख्या किती. उलट क्रमाने गेले असते, तर संख्येचा नियम कागदावरच राहिला असता. ज्याला नियम लागू आहे त्यांची यादी ठरलेली नसेल, तर दंड कोणाला करणार?

आता १५१७ च्या नियमाची मोजपट्टी पाहू. गावाने गवत मोजण्याऐवजी गाई मोजल्या, आणि त्याही उन्हाळ्यातल्या न मोजता हिवाळ्यातल्या मोजल्या. समजा, एका घराकडे नदीकडच्या उतारावर दोन आणि गावाच्या वर तीन अशी पाच गवताची राने आहेत. त्यांतून निघालेल्या गवतावर तीन गाई वसंतापर्यंत कशाबशा निघतात. चौथी गाय बांधायची, तर फेब्रुवारीत चारही गाईंची हाडे दिसू लागतील, किंवा शेजाऱ्याकडून गवत विकत घ्यावे लागेल, आणि तेही सगळ्या गावासमोर. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाणाऱ्या गाई हिवाळाभर सगळे पाहतात, पाणी प्यायला त्या हौदावर येतात, त्यांची संख्या लपवता येत नाही. या नियमासाठी कोणाच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागत नव्हते. गाईनेच सहा महिने गोठ्यात उभे राहून साक्ष दिलेली असे. वसंतात बाहेरून गाय आणून उन्हाळ्यात कमाई करण्याची वाट याच एका अटीने बंद झाली.

अंमल कसा झाला

नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी गावाने एक अधिकारी नेमला. त्याचे तिथले नाव ‘गेवाल्टहाबर’, म्हणजे ज्याच्या हाती अधिकार दिलेला आहे तो. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त गाई पाठवणाऱ्याला जबर दंड करण्याची मुभा त्याला होती, आणि वसूल झालेल्या दंडाचा अर्धा भाग तो स्वतः ठेवू शके.

ही अर्ध्या दंडाची तरतूद वाचताना आज आपल्याला खटकते, कारण भ्रष्टाचाराची वाट तीच असे आपण धरून चालतो. पण गावाच्या बाजूने विचार केला, तर तिची निकड समजते. सहाशेपेक्षाही लहान वस्ती, सगळे एकमेकांचे सोयरे, एका घराचे दोन मजले दोन भावांचे. अशा ठिकाणी मेहुण्याची जास्तीची गाय दाखवून देण्यापेक्षा डोळेझाक करणे प्रत्येकाला सोपे. दंडातला वाटा मिळत असल्याने नजर ठेवण्याच्या अप्रिय कामाला मोबदला होता, आणि तो मोबदला गावाच्या पेटीतून जात नव्हता. शिवाय गाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असल्याने खोटा दंड टिकणेही अवघड होते. तरीही एक शंका मला सोडत नाही. ज्याच्या घरात कर्ते माणूस कमी, ज्याच्या बाजूने बोलायला सोयरे नाहीत, त्याच्यावरचा दंड आणि गावातल्या वजनदार घरावरचा दंड सारख्याच निर्धाराने वसूल झाला असेल का?

आल्पचा रोजचा कारभार पुढे गुरेमालकांच्या मंडळाकडे गेला. गावचे कायदे सगळे नागरिक मत देऊन मंजूर करत, आणि त्या अधिकाराखाली हे मंडळ दरवर्षी सभा घेऊन पदाधिकारी निवडे. पदाधिकारी गुराखी आणि चीज करणारे नेमत, दंड करत, कुरणावर शेणखत पसरण्याची कामे वाटून देत. हिमकडा कोसळून मोडलेली कोंडवाडी आणि झोपड्या पुन्हा उभ्या करायच्या, वाटा दुरुस्त करायच्या, तण आणि दगड वेचायचे, ही कामे मालकांना करावी लागत, आणि सहसा ज्याने जितक्या गाई पाठवल्या तितक्या प्रमाणात त्याच्या वाट्याला काम किंवा पैसा येई. उन्हाळ्याच्या शेवटी चीज वाटले जाई तेही प्रत्येकाच्या गाईंच्या प्रमाणात. घेणे आणि देणे दोन्ही एकाच आकड्याला बांधलेले होते : गाईंच्या संख्येला.

लिहिता-वाचता येणारे थोडेच होते, त्या काळात हा आकडा कसा जपत, याचे उत्तर वालिसमधल्या खेड्यांच्या संग्रहांत आजही हातात घेता येते. लाकडाचे छोटे तुकडे, प्रत्येकावर एका घराची खूण कोरलेली : कुठे क्रॉस, कुठे दोन तिरप्या रेघा, कुठे कुदळीसारखी आकृती. कडेला पाडलेल्या खाचा म्हणजे चराईचे किंवा पाण्याच्या पाळीचे हक्क. एका दोरीत ओवलेली ही खुणांची माळ म्हणजे त्या गावचे नोंदणीपुस्तक. हाताळून गुळगुळीत झालेल्या अशा एका तुकड्यावर बोट फिरवले, की एका घराचा वर्षभराचा घास किती खाचांवर उभा होता ते कळते.

जंगलाची व्यवस्था वेगळी होती, आणि तिच्याकडे एक नजर टाकणे योग्य होईल, कारण तिथे गाईंचा निकष लागू करण्यात अर्थ नव्हता. बांधकामाची आणि जळणाची झाडे गावचे अधिकारी आधी खूण करून ठेवत. मग घरांचे गट पाडले जात आणि कोणत्या गटाने कोणती झाडे तोडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरे. त्याच गावाने कुरणासाठी प्रमाणाचा आणि जंगलासाठी नशिबाचा नियम केला. प्रत्येक गोष्टीला तिच्या जातीचा नियम लावण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

परिणाम

टोर्बेलचे आल्प पाच शतके कुरणच राहिले. उत्पादन थोडे असले तरी ते टिकले, अतिचराईने जमीन उजाड झाली नाही. उलट खत, तणकाढणी आणि वाटांची दुरुस्ती यांनी ती सुधारत गेली. हे एकट्या गावापुरते नाही. स्वित्झर्लंडमधल्या आल्पच्या जमिनीपैकी सुमारे चार-पंचमांश जमीन कोणत्या ना कोणत्या सामाईक मालकीत आहे, आणि हिवाळी दावणीचा नियम त्यांतल्या अनेक गावांत आढळतो.

मात्र श्रेय देताना एक गोष्ट नीट पाहायला हवी. १५१७ चा नियम आल्पची क्षमता मोजत नाही. तो खालच्या खाजगी रानातले गवत मोजतो, आणि ते वरच्या गवताशी जुळेल असे धरून चालतो. खाली गवत दुप्पट झाले असते, तर नियमानेच दुप्पट गाई वर पाठवण्याची परवानगी दिली असती. तसे झाले नाही, याचे कारण खालचे गवत पाटाच्या पाण्याने बांधलेले होते, पाणी हिमवितळीने, आणि खत हिवाळ्यात गोठ्यात असलेल्या गाईंच्या संख्येने. म्हणजे नियमाच्या यशात गावाच्या शहाणपणाइतकाच कोरड्या दरीचाही वाटा होता. दुसऱ्या एखाद्या पाणीदार मुलखात हाच नियम जसाच्या तसा उचलून नेला, तर तो कुरण वाचवेलच असे नाही.

माणसांच्या संख्येचेही तसेच. सगळ्या मुलांना सारखा वाटा देणाऱ्या गावात पिढ्यापिढ्यांनी जमिनीचे तुकडे होऊन घरे वाढायला हवी होती. एकोणिसाव्या शतकातल्या लोकसंख्यावाढीपर्यंत ती फारशी वाढली नाहीत, कारण लग्ने उशिरा होत, पुष्कळ माणसे अविवाहित राहत, दोन मुलांमध्ये अंतर असे आणि बरेच लोक गाव सोडून जात. नेटिंग यांच्या अभ्यासातला हा भाग वाचताना मन अडखळते. कुरण टिकले, या वाक्यामागे भावाच्या घरात आयुष्यभर राबलेल्या, स्वतःचे घर न मांडलेल्या स्त्रिया आणि पुरुष आहेत. बटाटा आला तेव्हा त्याच जमिनीवर जास्त तोंडे जगू लागली आणि हा ताण काहीसा सैल झाला.

विसाव्या शतकात परिस्थिती उलटी झाली. खाली विस्पला लोंझा कंपनीचा रसायनांचा कारखाना आला, मजुरी रोख मिळू लागली. पुरुष पाळीवर जाऊ लागले आणि गवत उरलेल्या वेळात कापले जाऊ लागले. गाई कमी झाल्या. कुरणावर जास्त गाई येतील, या भीतीसाठी केलेला नियम तसाच राहिला, भीती मात्र उरली नाही.

काय वेगळे करता आले असते

१४८३ च्या करारातली बाहेरच्यांवरची मनाई मला पूर्ण समर्थनीय वाटत नाही. गुंतवणूक म्हणून रान घेणाऱ्या व्यापाऱ्याला रोखणे आवश्यक होते, पण त्याच वाक्याने गावात येऊन राबणारा, दहा वर्षे बर्फ तुडवत गोठे सांभाळणारा माणूसही बाहेर राहिला. सामील करून घेण्याचा अधिकार गावाने राखला होता, पण किती वर्षे राहिल्यावर आणि काय केल्यावर, हे ठरवले असते, तर ते दार जुन्या घरांच्या मर्जीवर राहिले नसते. वालिसमध्ये आजही जुन्या हक्कदारांची गावकी आणि सगळ्या रहिवाशांची नगरपालिका या दोन वेगळ्या संस्था असतात, आणि या भेदाचे मूळ अशा करारांत आहे.

दुसरी चूक मतदानाची. नियमांवर मत देणारे पुरुष होते. गवत कापणे, ते पाठीवर वाहणे, पहाटे दूध काढणे ही कामे ज्यांच्या अंगावर होती आणि वारसाने जमिनीत ज्यांचा सारखा वाटा होता, त्या स्त्रियांना मत नव्हते. हे किती काळ चालले, ते टोर्बेलच्या डोंगरापलीकडच्या उंटरबेख गावावरून कळते. स्वित्झर्लंडमध्ये एका राष्ट्रीय मतदानात स्त्रियांनी पहिल्यांदा मत टाकले ते याच छोट्या गावात, ३ मार्च १९५७ रोजी, आणि तेही कायद्याने परवानगी नसताना गावच्या निर्णयावर. ती मते मोजली गेली नाहीत. वालिस कँटनने स्त्रियांना मताधिकार दिला १९७० मध्ये आणि देशाने १९७१ मध्ये. कोणत्या रानातून खरोखर किती गवत निघते, हे सर्वांत नेमके ज्यांना माहीत होते, त्यांना विचारून नियम केला असता, तर तो अधिक चांगला झाला असता, यात मला शंका नाही.

तिसरी गोष्ट गरिबांची. हक्क हिवाळी गवताला जोडल्यामुळे ज्याच्याकडे खाजगी रान जास्त, त्यालाच सामाईक कुरणातूनही जास्त मिळाले. सारख्या वाटणीमुळे ही विषमता प्रत्येक पिढीत थोडी घुसळली जाई, हे खरे. पण ज्याच्याकडे एकही गाय दावणीला बांधण्याएवढे गवत नव्हते, त्याला आल्पमधून काहीच मिळत नव्हते. एक गाय सगळ्यांना आणि त्यापुढच्या गाई गवताच्या प्रमाणात, असा मिश्र नियम करता आला असता. पहिल्या गाईसाठी लागणारे थोडे गवत पडीक रानातून कापण्याचा हक्क भूमिहीन घराला दिला असता, तरी नियमाची मोजपट्टी मोडली नसती.

शेवटची बाब आजची आहे. १५१७ चा नियम जास्तीत जास्त किती गाई पाठवाव्यात ते सांगतो. कमीत कमी किती गाई पाठवाव्यात, हे लिहिण्याची वेळ तेव्हा कोणावर आली नव्हती. चरणारी जनावरे घटली की डोंगरातल्या कुरणावर झुडपे शिरतात आणि काही वर्षांत तिथे गवत उरत नाही. त्यातच मालकांची कामे गाईंच्या प्रमाणात ठरलेली. त्यामुळे गाई निम्म्या झाल्या की वाटा, कोंडवाडी आणि तणकाढणीसाठी येणारे हातही निम्मे होतात, आणि काम मात्र तेवढेच राहते, किंबहुना झुडपांमुळे वाढते. अशा गावांनी चराईचा हक्क दावणीला जोडलेलाच ठेवावा, पण कामाचा बोजा गाईंवरून काढून घरांवर टाकावा : ज्याच्या घरातून कोणी कुरणाखालच्या वाटेने जाते, पाटाचे पाणी घेते किंवा जंगलातले जळण आणते, त्या प्रत्येक घराकडून वर्षाला ठरावीक दिवस घ्यावेत, आणि त्यात जुने हक्कदार आणि नंतर येऊन राहिलेले असा फरक करू नये.